लेफ्ट चॅनल

दुपारी तीनला सर्व्हिस लिफ्टनं वर येतो मी,
कांद्याच्या पोत्यांसोबत.
पुढच्या दारानं पाहुणे, फुलं, अत्तराची हवा;
मागच्या दारानं पनीर, मी, आणि दोन बेस बिन,
ज्यांचे अजून अकरा हप्ते बाकी.
लोकेश वायरी पसरतो, वरून टेप मारतो,
कुणाच्या शालूचा काठ अडकू नये म्हणून.
मॅनेजर कागदावर सही घेतो:
दहा म्हणजे दहा.

नवरीनं यादी आठवड्यापूर्वीच पाठवली होती.
मृण्मयी टेंबे. चौकटी आखलेली, नंबर घातलेली यादी.
एंट्रीला हे, केक कापताना ते,
सासरच्या माहेश्वरी काकूंना उठवायला ही सहा.
सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, एकच ओळ:
हे वाजवायचं नाही.
कुणी मागितलं तरी.
मी कारण विचारत नाही.
कारणं कळायला लागली
तर हात फेडरवर थांबतो.

साडेआठ. नवरदेवाचे मित्र
स्टेजपेक्षा माझ्याभोवतीच जास्त.
"भिया, बेस बढ़ाओ!"
मी बटणाला नुसतं बोट लावतो, मान जोरात हलवतो,
आणि बेस वाढतो त्यांच्यापुरता.
बावीस वर्षांत शिकलेली ही एक कला.
दुसरी, ओठ वाचायची.
एवढ्या आवाजात माणसं खरं बोलतात.
"आपल्या वेळी त्यांनी पाकिटात दोनशेच घातले होते."
"हसून बघ तरी, सगळे बघतायत."

नऊ दहा. एक गृहस्थ येतात,
कोट भाड्याचा, बाह्या आखूड.
नॅपकिनवर पेनानं लिहून आणलंय
तेच गाणं.
खाली, अर्जावर सही करावी तसं: मुलीचा मामा.
मी उजवा कान पुढे करतो.
"हिच्या बाबांचं!" ते ओरडतात,
"स्कूटर पुसताना म्हणायचे रोज. लावा, खूश होईल ती!"

उजवाच, कारण डावा अर्धा गेलाय.
डावीकडे रात्रंदिवस एक शिटी,
शेजारच्या घरात
कुकर विसरून कुणी गावाला गेल्यासारखी.

"फाइल करप्ट आहे, काका."
पाचशेची नोट पुढे येते.
"खरंच करप्ट आहे."
नोटेची घडी परत खिशात जाते,
नॅपकिन माझ्याकडेच राहतो.

मग ते स्पीकरशेजारी जाऊन उभे राहतात.
समोर चाळीस जण ढोलावर उड्या मारतायत
आणि हे आपले तेच म्हणतायत,
ओठांवरून कळतं मला, पहिली ओळ, दुसरी,
ढोलाच्या कुठल्याच ठेक्यात न बसणारी.
स्टेजवरून मृण्मयी त्यांच्याकडे बघते.
फोटोग्राफर म्हणतो, मॅडम, इकडे.
ती इकडे बघते.

दहा.
मी फेडर खाली घेतो.
आणि एकदम ऐकू येतात
चपलांचे तळवे, बांगड्या, पडलेला एक चमचा,
आणि मामांचा आवाज,
अर्धा शब्द.
तोही लगेच थांबतो.

सव्वाबाराला बेसमेंटमध्ये आम्ही जेवतो, उभ्यानंच.
पुऱ्या गार, गुलाबजाम मात्र कढत.
वेटरांपैकी एक जण विचारतो, तुमच्याकडे लग्नात कोण वाजवतं हो?
लोकेश हसतो. माझं रजिस्टर लग्न.

टेम्पोत मी मांडीवर लॅपटॉप उघडतो.
फाइल धडधाकट आहे. कधीच बिघडली नव्हती.
हेडफोन लावून पहिल्यांदा नीट ऐकतो.
गाणं साधंच. दोन कडवी, मध्ये बासरी,
आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी
लांबून कुणीतरी शीळ घालतंय,
फक्त डाव्या बाजूला.
गाण्यातली, की माझी?

हेडफोन उलटा घातला असता तर कळलं असतं.
देवास नाक्यापर्यंत
तसाच बसून राहिलो.